कडीची चांदी

अब्दुल गफ्फारचा दिवस पहाटे चारला सुरू होई. गजर लावून उपयोग नव्हता. गजर त्याला ऐकू येत नसे. कारखान्यात भट्टी पाचला पेटायची, म्हणून बेचाळीस वर्षं चारला उठलेलं अंग आपणहून उठे. कारखाना सुटून सात वर्षं झाली तरी अंगाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाजवळ, त्याच्या दोन खोल्या होत्या. दोन्हींत तो एकटा. झाडू मारायचा, नळाला पाणी असेल त्या दिवशी भरून ठेवायचं, चार पोळ्या लाटायच्या. दोन आत्ता, दोन डब्यात. चहा उभ्यानं प्यायचा. एवढं करूनही साडेपाच वाजत नसत. बायको, बिल्कीस, होती तेव्हा हा वेळ कसा जायचा ते त्याला आठवत नसे. ती काही फार बोलायची नाही. पण घरात कोणीतरी भांडं आपटत असे.

हिवाळ्यात फजरची नमाज बसस्टँडजवळच्या मशिदीत, उन्हाळ्यात मोहल्ल्यात. पहिल्या रांगेत उभं राहायचं, कारण मागं इमामाचा आवाज पोचत नसे. मग साडेसहाची अमरावती बस. मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती. अडीच तास. अडुसष्ट वर्षांचा म्हणून अर्धं तिकीट.

कान एकदम गेले नव्हते. समोर बसून बोललेलं समजे. ट्रक ऐकू येई, पिठाची गिरणी ऐकू येई. गेले ते बारीक आवाज. तीस-चाळीस वर्षं ऐरणीजवळ डोकं ठेवून बसलं की असं होतं, असं डॉक्टर म्हणाला. बिल्कीसच्या बांगड्यांचा आवाज ती जायच्या आधीच गेला होता. त्यानंतर रुपयाचा गेला. फरशीवर टाकलेला चांदीचा रुपया कसा वाजतो यावरून खरा-खोटा सांगणारा माणूस, आणि रुपया पडला की त्याला नुसता पडलेला दिसे. भुसावळला लेक उज्मा. ती दर जुम्म्याला फोन करी. उज्मा बोले ते अर्धं समजे. मग ती नातीला, फलकला, फोन देई. फलक सहा वर्षांची, आवाज रुपयासारखा. गफ्फार पाच मिनिटं फोन कानाला लावून "हौ बेटा, हौ बेटा" म्हणे, आणि त्या पाच मिनिटांत त्याला एक अक्षर आलेलं नसे.

एक दिवस फलक काहीतरी विचारून गप्प झाली. गफ्फार म्हणाला, "हौ बेटा." पलीकडे उज्मा फोन घेऊन म्हणाली, "अब्बा, वो पूछ रही, आप मुझे भूल गये क्या."

तेव्हापासून त्याला कानाचं यंत्र घ्यायचं होतं. दोन्ही कानांचं. डॉक्टरनं किंमत सांगितली होती. ती मजुरीतूनच येणार होती, आणि मजुरी अमरावतीला होती.

आता तो कशाचा कारागीर होता ते सांगायला हवं.

वऱ्हाडात जुन्या बायांच्या गळ्यात रुपयांची माळ असे. राणीछाप, राजाछाप, चांदीचे रुपये. प्रत्येकाला वरून भोक, भोकात चांदीची कडी, कड्या दोऱ्यात. एकवीस रुपयांची माळ म्हणजे बरं घर. अकोल्यात सूर्यभान शेठच्या कारखान्यात अशा माळा यायच्या. कडी काढायची, भोक भरायचं, रुपया पुन्हा अख्खा करायचा. कारण भोकाचा रुपया लक्ष्मीपूजनात चालत नाही, आणि पूजेसाठी अख्खा रुपया घेणारं गिऱ्हाईक नेहमी असतं. यात लपवाछपवी नव्हती. भरलेला रुपया म्हणूनच तो विकला जाई.

एक भोक भरायला सव्वा तास लागे. कडी वितळवायची, तिची तार ओढायची, तारेची खिळी कापून भोकात बसवायची. दोन्ही अंगांनी ठोकायची, पण रुपयाचा आवाज फुटेल इतकी नाही. टाकणखार लावून फुंकनळीनं जाळ द्यायचा. जाळ कमी पडला तर खिळी सुटते, जास्त झाला तर राणीचं नाक वितळतं. मग कानस. साठ-सत्तर हात, ऐंशीच्या वर गेलास तर रुपया झिजून वाया. भोक बहुतेक वेळा राणीच्या मुकुटाच्या टोकावर पडलेलं असे. ते टोक शेवटी बारीक छिन्नीनं पुन्हा कोरायचं. दिवसाला चार रुपये. पाचवा केला तर चारही बिघडतात, हे त्याला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.

इतर कारागीर खिळीसाठी एक झिजलेला रुपया तोडून त्याची चांदी वापरत. ती चांदी जुळे. माळेची कडी मग त्यांच्या खिशात जाई. गफ्फारनं हे कधी केलं नाही. ज्या बाईची माळ, तिच्याच कडीची चांदी तिच्याच रुपयात. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्याची चांदी दुसरीकडं जाऊ द्यायची नाही एवढंच त्याच्या मनात होतं.

दोन हजार चार ते आठ, ती चार वर्षं माळा पोत्यानं आल्या. कापसाचा भाव बसला होता, पाऊस दगा देत होता, घराघरातून चांदी निघत होती. शेठच्या बाकावर बाया सकाळपासून बसून राहत. कोणी रडत नसे. माळ तराजूत टाकताना तिकडं पाहत नसत, एवढंच. गफ्फार मान वर करत नसे. त्याच्यासमोर रुपये यायचे, माणसं नाही. रुपया मात्र तो एकदा पाहिला की विसरत नसे.

पुढं माळा संपल्या. कारखाना बंद झाला. बिल्कीस गेली.

दोन हजार बावीसच्या डिसेंबरात सूर्यभान शेठनं निरोप पाठवला. शेठ आता पलंगावरच असे. त्याच्या खोलीत एक पस्तिशीचा माणूस बसला होता. श्याम त्याचं नाव, अमरावतीच्या सराफाचा मुलगा, संगणक शिकून पुण्याहून परत आलेला. जुनी नाणी जमवणाऱ्यांसाठी त्यानं दुकान काढलं होतं. नाणं खरं की खोटं, कितपत झिजलेलं, दुरुस्त केलेलं की मूळचं, हे तपासून दर्जा लावायचा आणि नंबर टाकून प्लास्टिकच्या बंद डबीत घालायचं. डबीतलं नाणं मुंबई-कोलकात्याला न पाहता विकलं जातं. आणि हे तपासणार होतं एआय.

"भरलेला रुपया ओळखणारा माणूस पाहिजे चाचा," श्याम म्हणाला. "शेठ म्हणतात, भरणाराच ओळखते."

"शेठ आडवे पडल्यावर खरं बोलून राहिले," गफ्फार म्हणाला.

शेठ हसला आणि खोकला.

श्यामच्या दुकानात मागच्या खोलीत एक काळी पेटी होती. आत फिरणारी तबकडी, वर कॅमेरा, चारी बाजूंना दिवे. रुपया ठेवला की एकेक दिवा लागे आणि विझे, आणि पेटी चाळीस फोटो काढी. फोटो काचेच्या पाटीवर येत. गफ्फारनं जिथं दुरुस्ती आहे तिथं काचेवर बोट ठेवायचं. तिथं लाल गोल उमटे. काही नसेल तर "साफ" म्हणायचं. एका रुपयामागं चार रुपये मजुरी.

"मी याले काहीच सांगत नाही, चाचा. नियम नाही, पुस्तक नाही. आपण हजार वेळा दाखवाचं, मंग ते आपलं आपण वयखते."

"म्हंजे शिकाऊ उमेदवार हाय."

"तसंच समजा."

"माह्या हाताखाली सात पोट्टे शिकले. एकानं बी हजार वेळा पाह्यलं नाही." गफ्फारनं पेटीकडं पाहिलं. "हे चहा पीत नाही न मंधात?"

पहिल्या महिन्यात त्याला काम सोपं गेलं. लोकांचे भरलेले रुपये तो वासावरून सांगावेत तसे सांगे. हा खामगावचा हात, याची कानस आडवी चालते. हा घाईचा, यानं मुकुट कोरलाच नाही. हा रुपयाच खोटा, साच्यातला. दिवसाला शंभरच्या वर रुपये होत. दर शंभरानंतर तो डोळे मिटून दहा मिनिटं बसे. मजुरी श्यामकडंच ठेवी. यंत्रापुरती झाली की एकदम घेऊ म्हणून. श्याम दुपारी जेवायला घरी जाई. गफ्फार पेटीसमोर डबा उघडी. खोलीत दुसरं कोणी नसे. एकदा त्यानं चुकून पेटीला विचारलं, "जेवतो का?" आणि मग इकडंतिकडं पाहिलं.

सहाव्या आठवड्यात त्याच्यासमोर त्याचा स्वतःचा रुपया आला.

एकसष्ट नंबर. राणीछाप, मुकुटाच्या टोकावर भरलेलं. आपलंच अक्षर ओळखावं तसं त्यानं ते ओळखलं. कुणाच्या माळेतला तेही आठवलं, अचलपूरकडची माळ, अकरा रुपयांची. काम उत्तम होतं. नुसत्या डोळ्यानं कोणालाही दिसलं नसतं.

श्याम खुर्ची टाकून बाजूलाच बसला होता. "हा?"

"साफ हाय," गफ्फार म्हणाला.

बसमध्ये त्याला जागा मिळाली, तरी नीट बसवेना. का म्हणालो साफ? आपलं काम झाकायला नाही. त्याची लाज नव्हती. पण असे रुपये वऱ्हाडभर पत्र्याच्या पेट्यांत, डाळीच्या डब्यांत, देव्हाऱ्यात पडलेले होते. ज्यांच्याकडं होते त्यांच्याकडं बहुतेकदा तेवढंच उरलं होतं. उमेदवार शिकला तर ते सगळे उघडे पडतील. न शिकला तर कोलकात्याचा कोणी डबी पाहून भोकाचा रुपया अख्ख्याच्या भावानं घेईल. आणि मजुरी तर हे सांगायचीच घेत होतो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. त्या दिवशी एकशे चार रुपये पाहिले होते. एकशे तीन घामाचे होते.

दुसऱ्या दिवशी तो पोचला आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी बोलला.

"कालचा एकसष्ट काढ."

"काहून?"

"भरलेला हाय."

"काल तं साफ म्हणले होते तुमी."

"काल खोटं बोललो."

श्यामनं फोटो काढले, चष्मा वर केला, खाली केला. "मले तं काहीच दिसत नाही. कोणाचं काम हाय हे?"

"माहं."

श्याम आधी हसला. मग खुर्ची ओढून जवळ बसला. गफ्फारनं त्याला कडीची गोष्ट सांगितली. रुपयाची चांदी टांकसाळीची, कडीची चांदी गावच्या सोनाराची, तांबं जास्त पडलेली. भरताना रंग एक. पंधरा-वीस वर्षांनी कडीची चांदी जरा निराळी काळी पडते. तिरप्या उजेडात मसुरीएवढा ठिपका. इतरांच्या कामात हे नाही, कारण त्यांनी कडी चोरून रुपयाची चांदी भरली होती.

"म्हंजे चोरलं त्याईचं लपलं, अन् तुमचं दिसते," श्याम म्हणाला.

"दिवा तिकून लाव. तिरपा."

श्यामनं लावला. ठिपका दिसला.

"चाचा, असे किती केले असतीन तुमी?"

"दिसाले चार. वर्षाले तीनशे दिस. गुणाकार तू कर, मले नको सांगू." मग तो म्हणाला, "कालची मजुरी काप."

"चार रुपये? राहू द्या न."

"पुऱ्या दिसाची. दिसभर माह्या डोक्यात तेच होतं. बाकीच्याईवर ध्यान नोतं."

त्यानं कालचे एकशे चार रुपये पुन्हा पाहिले. आणखी दोन चुका निघाल्या.

मार्चच्या अखेरीस श्यामनं गफ्फारच्या हातचा एक नवा आलेला रुपया पेटीत ठेवला आणि म्हणाला, आज बोट नका ठेवू. दिवे लागले, विझले. काचेवर राणीचं तोंड आलं आणि मुकुटाच्या टोकावर आपोआप लाल गोल उमटला. अगदी खिळीच्या मापाचा.

गफ्फार त्या गोलाकडं बराच वेळ पाहत राहिला. चांगलं भरलेलं काम म्हणजे जे कोणाला दिसत नाही ते; म्हणून त्याच्या कामाला आयुष्यात कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. तक्रार आली नाही की शेठ समजे काम झालं. बिल्कीसला त्यानं एकदा एक रुपया नेऊन दाखवला होता. ती म्हणाली होती, "इसमें क्या किया तुमने?" तेव्हा तो खूश झाला होता. आता पेटीनं जागा दाखवली होती. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

"नाराज झाले का चाचा?"

"नाही. पोट्टं शिकलं."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, एक म्हातारी दुकानात आली. उंच, वाळलेली, नऊवारी लुगडं, पायात रबरी चपला. दर्यापूरकडच्या खेड्यातून आली होती. काळी-पिवळी जीप, मग बस. नाव गोदाबाई. तिनं पदराची गाठ दातानं सोडवली आणि एक रुपया काउंटरवर ठेवला.

श्यामनं भिंगातून पाहिलं. "आजी, हे साल कमी भेटते. अख्खा अन् साफ निघाला तं चाळीस हजारापरेंत जाईन."

"मले तेवढे नाही लागत," गोदाबाई म्हणाली. "वावधनानं टिनं नेले घरावरचे. अठरा होते. चार तं पार बुधाजीच्या वावरात जाऊन पडले, कागदावानी चुरगळून. पानी याच्या आंधी घर झाकाचं हाय."

श्याम रुपया घेऊन मागं आला. गफ्फारनं तो पाहिला. बाई त्याला ओळखू आली नाही, रुपया आला. दोन हजार सहाचा जुलै. एकवीस रुपयांची माळ. बी उगवलं नव्हतं, दुबार पेरणीसाठी बाईनं वीस विकले आणि एक परत मागितला. आईचा आहे, पूजेत ठेवीन, याचं भोक तेवढं भरून द्या, असं म्हणाली होती. तिच्याच कडीनं भरला होता. मुकुट कोरायला त्या दिवशी जरा जास्तच वेळ घेतला होता. आणि देताना तो म्हणाला होता, "घ्या बाई, अख्खा झाला. आता कोनाच्या बापाले समजत नाही." आयुष्यात एवढी एकच बढाई त्यानं मारली असेल.

दिवे लागले, विझले. लाल गोल आला. खाली ओळ आली: नाणे अस्सल. दुरुस्त केलेले. दर्जा नाही.

श्यामनं गफ्फारकडं पाहिलं. मग बाहेर जाऊन म्हणाला, "आजी, भरलेला हाय हा. चांदीचेच पैसे येतीन. सातशेक रुपये."

"काय बोलून राह्यला तू? अख्खा हाय तो. अकोल्याच्या गफ्फारभाईनं अख्खा केला."

"यंत्र तसं नाही म्हणत आजी."

"तुह्या यंत्राले काय समजते? तो मानूस म्हणला होता, कोनाच्या बापाले समजणार नाही."

मधल्या दारात पडदा होता. गफ्फारला तिचा आवाज नीट आला, कारण तो जाड होता. त्याला तिथंच बसून राहता आलं असतं. तो उठला आणि बाहेर आला.

"बाई, मीच गफ्फार."

गोदाबाईनं त्याला खालवर पाहिलं. "बुढे झाले तुमी."

"हौ."

"मंग सांगा न याले. अख्खा हाय म्हणून."

"नाही सांगता येत."

"काहून? तुमीच तं भरला."

"मीच भरला. अन् ह्या डब्ब्याले मीच शिकवलं, भरलेला कसा वयखाचा ते."

गोदाबाई काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. "वा रे गफ्फारभाई. भरला बी तुमी अन् फोडला बी तुमी. लय चांगला धंदा धरला म्हातारपनी."

श्यामनं रुपया तिच्यासमोर ठेवला. तिनं तिकडं पाहिलं नाही.

"तवा काहून म्हणले होते तसं?"

"तवा खरं होतं. सोळा-सतरा वर्सं खरं राह्यलं." तो थांबला. "बाई, टिनं अठराच न?"

"अठरा."

"श्याम, माही मजुरी काढ."

श्याम हलला नाही. "चाचा, कानाचं काय?"

"कान कुठं पळून राह्यले?"

गोदाबाईनं रुपया झटकन उचलून मुठीत धरला. "मी फुकटचं घेत नाही. सांगून ठेवते. वीस रुपये इकले तवाही कोनाले हात नाही पसरला."

"फुकटचं नाही," गफ्फार म्हणाला. "मी तुमाले अख्खा म्हणून देल्ला. तो अख्खा निघाला नाही. कारागिरानं आपलं काम वापस घ्याचं असते. तुमी टिनं घ्या, रुपया मले द्या."

तिनं विचार केला. बराच केला. मग मूठ उघडली.

टिनाच्या दुकानात गफ्फारनं स्वतः अठरा पत्रे निवडले. दुकानदारानं पातळ पत्रे पुढं केले होते. गफ्फारनं प्रत्येक पत्र्यावर बोटाचं हाड मारून पाहिलं. पातळ फडफडतो, जाड घुमतो.

"चाचा, टिन घेऊन राह्यले का टरबूज?" दुकानदार म्हणाला.

गोदाबाई पहिल्यांदा हसली. गफ्फार मात्र पत्र्याजवळ कान नेऊन उभा होता. टिनाचा आवाज जाड असतो. तो त्याला येत होता. हातानं ठोकलेल्या वस्तूचा आवाज किती तरी वर्षांनी त्याला येत होता. त्यानं अठराच्या ऐवजी तीस पत्रे ठोकले, बारा परत ठेवले. पाच महिन्यांच्या मजुरीतून पत्रे, हुक आणि गाडीभाडं गेलं. उरलं ते बसच्या तिकिटांचं.

पत्र्यांच्या टेम्पोत पुढं बसताना गोदाबाई म्हणाली, "आता दिवाळीले काय ठेवू मी पूजेत?"

"हा भोकाचाच निघाला आता. चालते का?"

"लक्ष्मीले काय मी तुमचा डब्बा दाखवते? चालते तिले. पन आता तो तुमचा झाला."

"मंग दिवाळीले घेऊन येतो. पूजा झाली का वापस नेईन."

"या. चहा ठेवीन."

ऑगस्टमध्ये श्याम गफ्फारला म्हणाला की आता रोज यायची गरज नाही. वाईट वाटत होतं त्याला, दोनदा तेच तेच बोलला. पेटी आता गफ्फारपेक्षा लवकर सांगत होती आणि दुपारनंतर थकत नव्हती. गफ्फार म्हणाला, उमेदवार तयार झाला की उस्तादानं उठायचंच असतं. त्यानं डबा धुतला, पिशवीत घातला आणि पेटीवरची धूळ फडक्यानं पुसली. यंत्रापुरती मजुरी पुन्हा जमली नव्हती. चारला उठणं चालूच राहिलं. दर जुम्म्याला फलकचा फोन येई. आता तो तिला खरं सांगे, की बेटा, नाना बहरा है, अम्मी को दे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पहाटे चारला उठून त्यानं धुतलेला कुर्ता घातला. रुपया रुमालात बांधला. घासला नव्हता, घासला की चांदी मरते. बसनं दर्यापूर, पुढं जीप. खेड्यात पोचला तेव्हा अकरा वाजले होते. घर सापडलं, पण दाराला कुलूप. शेजारच्या अंगणातून एक तरणी बाई काहीतरी ओरडून बोलली. तिचा आवाज बारीक होता. त्याला तोंड हलताना दिसलं. मग तिनं हातानं वावराकडं दाखवलं आणि बोटांनी कापूस वेचल्यासारखं केलं. सणाच्या दिवशीही वेचणी होती. दुसऱ्याच्या वावरात मजुरी असेल तर सण संध्याकाळी.

तो ओट्यावर बसला. गावात कुठं फटाके वाजत असतील, पोरं पळताना दिसत होती. त्यानं रुमाल सोडला, रुपया पाहिला, पुन्हा बांधला. चहा संध्याकाळी मिळणार होता, आणि परतीची शेवटची जीप पाचला होती. दोन्ही जमणार नव्हतं. जीप गेली तर मशिदीत पडू, असं त्यानं ठरवलं.

दुपारी वारा सुटला. वर कोपऱ्यातला एक हुक सैल राहिला होता. पत्रा उचलला आणि बसला. जाड, घुमता आवाज. गफ्फारनं मान वर केली. पुन्हा आला. हुक बसवणाऱ्यानं अर्धा पिळा कमी दिला होता. पक्कड असती तर दोन मिनिटांचं काम होतं. ते नंतर गोदाबाईला सांगायचं त्यानं लक्षात ठेवलं.

मग त्यानं डावीकडून उजवीकडं पत्रे मोजले. अठरा. सगळे जाड.